भर दुपारचा ताणा

दादाजी पौनीकरांना दोन गोष्टींचा भारी गर्व होता. एक त्यांची मिशी, आणि दुसरी म्हणजे आपल्याला ऊन लागत नाही ही खात्री. मिशीचं समजण्यासारखं होतं, कारण ती होतीच तशी, टोकं वर वळवलेली, पांढरी शुभ्र, रोज सकाळी खोबरेल पिणारी. पण नागपुरात जन्म काढून, तेही नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस, तोंडावर आलेला असताना, उन्हाबद्दल असं बोलायला माणूस एक तर अडाणी लागतो नाही तर हट्टी. दादाजी अडाणी नव्हते.

तेव्हा राज्याची राजधानी अजून नागपुरातच होती. मोठे साहेब सदरच्या कचेऱ्यांत वाळ्याच्या ओल्या ताट्यांमागे बसून सह्या करत, आणि गोळीबार चौकामागच्या कोष्ट्यांच्या गल्लीत माणसं मागाच्या खड्ड्यात पाय सोडून दुपार काढत. साहेबांपेक्षा कोष्टी सुखी, असं दादाजींचं मत होतं, आणि त्यात तथ्य होतं. मागाची खोली अंधारी. खड्ड्यात ओली रेती, जमिनीवर रोज दोन घागरी पाण्याचा शिडकावा. हे सगळे लाड अर्थात माणसाचे नव्हते, सुताचे होते. उन्हाळ्यात सूत कोरडं पडतं आणि तटातट तुटतं, म्हणून त्याला ओल हवी.

"सुताले तहान लागते वं," दादाजी बायकोला सांगायचे.

"अन् तुमाले?" वच्छलाबाई विचारायच्या.

"मले काहून लागन? मी का सूत हावो?"

दोन वर्षांपूर्वी दादाजींचे थोरले भाऊ रामाजी असेच बोलायचे. नवतप्यातल्याच एका दुपारी ते खाप्याहून सुताची गाठोडी डोक्यावर घेऊन आले. मोटर हुकली म्हणून अर्धी वाट पायी तुडवली होती. दारात उभे राहून हसत म्हणाले, "काही नाही झालं. उलट आता थंडच वाटून राहिलं. घाम बी बंद झाला पाहा." आणि उंबरठ्यावर जे बसले ते उठलेच नाहीत. वच्छलाबाईंनी ते बोलणं ऐकलं होतं. दादाजी त्या वेळी मागावर होते, धोट्याच्या खटखटीत त्यांना काही ऐकू आलं नाही. तेराव्यानंतर दादाजींनी भावाचं नाव घेणं सोडलं आणि उन्हाबद्दलच्या फुशारक्या दुप्पट केल्या. माणसाचं दुःख कधी कधी असं तिरकं वागतं.

आता पैजेचं सांगतो. गल्लीच्या तोंडाशी चंद्रभानचा पानठेला होता. चंद्रभान वयानं दादाजींपेक्षा पंधरा वर्षांनी लहान आणि जिभेनं पंधरा वर्षांनी मोठा. एका संध्याकाळी त्यानं पानाला चुना लावता लावता सहज म्हटलं, "दादाजी, आता तुमचं वय झालं. दुपारी निघत जाऊ नोका. नाही तर निदान कांदा तरी ठेवत जा खिशात."

'वय झालं' हे शब्द दादाजींच्या मिशीला झोंबले. पुढच्या पाव तासात काय काय बोलणं झालं ते सांगण्यात अर्थ नाही. ठरलं ते असं: नवतप्याच्या पाचव्या दिवशी, दुपारी बाराच्या ठोक्याला दादाजींनी घरून निघायचं, पायी सदरला जायचं आणि पायी परत यायचं. डोक्याला दुपट्टा नाही, खिशात कांदा नाही, आणि सकाळी उठल्यापासून परत येईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. जमलं तर चंद्रभाननं मिशी उतरवायची. नाही जमलं तर दादाजींनी.

"अन् तुम्ही खरंच सदरले गेले की निंबाखाली झोपून आले, हे कसं समजन?" चंद्रभाननं विचारलं.

"तू ये ना मागून. सायकल हाये ना तुह्यापाशी!"

चंद्रभानचा चेहरा उतरला. पैज आपल्याच गळ्यात येईल हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. पण पाच-सात माणसं ऐकत होती. "येतो," तो म्हणाला, "पण मी छत्री घेईन."

घरी वच्छलाबाईंनी आधी रागवून पाहिलं, मग रडून पाहिलं. गोपिका सुनेनं सासऱ्यांपुढे हात जोडले. दादाजी मिशीला पीळ देत बसून राहिले. शेवटी वच्छलाबाईंनी डोळे पुसले आणि एकदम शांत झाल्या. चाळीस वर्षांच्या संसारात दादाजींना एवढं तरी कळायला हवं होतं, की ही बाई शांत झाली की घाबरायचं.

"ठीक हाये," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्या दिवशी पाणी नाही पेलं, त मी बी नाही पिणार. तुम्ही जवा प्याल, तवाच माह्या तोंडात पाणी जाईन."

"नोको पिऊ," दादाजी म्हणाले. "तू त घरातच बसणार हायेस. तुले का होते?"

पाचवा दिवस उजाडला तो पांढराफटक. दहा वाजताच गल्लीतली कुत्री नालीत जाऊन बसली. अकराला वाऱ्याची झळ सुरू झाली आणि घराघरांची दारं धडाधड लागली. दादाजी मागावर बसले होते, पण हात चालत नव्हता. जीभ टाळूला चिकटत होती. कोपऱ्यातल्या माठाकडे नजर गेली की ते मुद्दाम मागाच्या फणीकडे पाहत. माठाशेजारी वच्छलाबाईंनी कैरीच्या पन्ह्याचं मोठं भांडं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. त्या भाजलेल्या कैरीचा वास सबंध खोलीत पसरला होता. ही बाई वैरी आहे, असं दादाजींना वाटून गेलं.

बाराच्या सुमाराला त्यांनी धोटा ठेवला, बंडी घातली आणि उघड्या डोक्यानं बाहेर पडले. वच्छलाबाई घरात नव्हत्या, गोपिकाही नव्हती. आपल्याला निरोप द्यायला नको म्हणून कुठं तरी तोंड लपवून बसल्या असतील, असं समजून ते गल्लीच्या तोंडाकडे चालू लागले. आणि वळणावर येऊन थबकले.

त्यांची गल्ली एका टोकाला बंद होती. बाहेर पडायची वाट एकच, निंबाजवळून. आणि त्या निंबापासून समोरच्या विहिरीच्या खांबापर्यंत, कमरेच्या उंचीवर, वाट अडवून एक ताणा लावलेला होता. शेकडो उभे धागे, खळीनं ओले, उन्हात चमकत होते. गल्लीतल्या सात-आठ बायका डोक्याला पदर गुंडाळून दोन्ही बाजूंनी निंबाच्या आणि भिंतीच्या सावलीत दाटीवाटीनं उभ्या होत्या. मधे, भर उन्हात, पदर आवळून, हातात कुंचा घेऊन वच्छलाबाई उभ्या होत्या.

कोष्ट्याच्या घरच्या पोराला चालता येतं त्याआधी एक गोष्ट शिकवतात: लावलेला ताणा ओलांडायचा नाही. वरून नाही, खालून नाही. ताण्यावर घरच्यांचं पोट चालतं, आणि ओल्या ताण्याला धक्का लागला की धागे एकमेकांत गुंततात. पाटलाची बैलगाडीसुद्धा ताणा निघेपर्यंत थांबते. दादाजींनी साठ वर्षांत कधी ताणा ओलांडला नव्हता. पलीकडे चंद्रभान छत्री उघडून सायकलला टेकून उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर, खरं सांगायचं तर, कमालीचं समाधान पसरलं होतं.

पण दादाजींना अडवणुकीचा राग यायला अजून वेळ होता. त्यांना आधी दुसरंच दिसलं.

"अवं, भर दुपारी?" ते ओरडले. "खळ भर दुपारी लावते का कोणी? कोण्या अकलेच्या कांद्यानं लावला हा ताणा?"

बरोबरच होतं त्यांचं. खळ लावायची ती पहाटे, गार हवेत. कुंच्यानं धागे विंचरत विंचरत सावकाश वाळवायचे आणि आठच्या आत ताणा गुंडाळायचा. बाराच्या उन्हात खळ लागलीच्या लागली भाजते, धागे कडक होतात आणि काचेसारखे तुटतात. हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल.

"मी लावला," वच्छलाबाई म्हणाल्या. "सकाळी जमलं नाही मले."

दादाजी जवळ गेले. धाग्याला हात लावला. ते बारीक सूत त्यांनी ओळखलं. दोन वर्षांपासून पेटीत जपून ठेवलेलं, खास वच्छलाबाईंच्या लुगड्यासाठी. कोष्ट्याची बायको जन्मभर दुसऱ्यांची लुगडी पाहते आणि स्वतः खोट निघालेली नेसते. या दिवाळीला तसं होऊ द्यायचं नाही, असं दादाजींनी ठरवलं होतं. आणि तेच सूत उन्हात भाजून निघत होतं.

"दे तो कुंचा इकडं!"

"तुमाले सदरले जावाचं हाये ना?"

"सदर गेलं खड्ड्यात! दे म्हणतो ना!"

आणि दादाजी पौनीकर, उघड्या डोक्यानं, कोरड्या घशानं, भर बाराच्या उन्हात ताणा वाचवायला उभे राहिले.

इथं वच्छलाबाईंचा बेत फसला. त्यांचा हिशेब सरळ होता: ताणा ओलांडता येणार नाही, वाट बंद, नवरा चिडेल, दोन शिव्या देईल आणि पाय आपटत घरात जाऊन बसेल. चाळीस वर्षांत त्यांनी नवऱ्याचा हट्ट ओळखला होता, पण सुतापुढे तो हट्टही विसरतो हे त्या नेमकं विसरल्या. सदरच्या वाटेवर निदान झाडं होती. इथं मात्र दादाजी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुंचा ओढत होते, परत येत होते, तुटलेला धागा दिसला की वाकून गाठ मारत होते. डोक्यावर सूर्य अगदी हाताच्या अंतरावर होता.

"अजी, सोडा आता. जळू द्या."

"चूप बस."

"मामंजी, सावलीत या ना जी," गोपिका रडकुंडीला आली.

"बिलकुल नाही."

"दादाजी, मी हरलो, बस?" पलीकडून चंद्रभान ओरडला. "आत्ताच उतरवतो मिशी. तुम्ही घरी जा, बाप्पा."

"तुही मिशी तुह्यापाशी ठेव. मले काम करू दे."

अर्धा तास झाला असेल. दादाजींना वाटलं होतं त्रास होईल, पण तसं काही होत नव्हतं. सुरुवातीला घामानं बंडी अंगाला चिकटली होती, आता ती सुटी झाली होती. डोकं जरा हलकं वाटत होतं, पायाखालची जमीन किंचित मऊ लागत होती, पण ते काही विशेष नाही. त्यांनी मान वर केली आणि सगळ्या बायकांकडे विजयानं पाहिलं.

"पाहून घ्या," ते म्हणाले. "म्हणे वय झालं! मले त उलट आता थंडच वाटून राहिलं. घाम बी बंद झाला पाहा."

वच्छलाबाईंच्या हातात खळीचं मडकं होतं. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. ते तोंड लालबुंद आणि कोरडं ठाक होतं. दुसऱ्या क्षणाला "अगं बाई गं!" असा आवाज आला आणि वच्छलाबाई ताण्याच्या पलीकडे, निंबाच्या बुडाशी आडव्या झालेल्या दादाजींना दिसल्या.

कुंचा कुठं पडला, ताण्याचं काय झालं, हे दादाजींना नंतर आठवलं नाही. ते ताण्याखालून वाकून गेले एवढं गल्लीनं पाहिलं. साठ वर्षांचा नेम एका क्षणात मोडला. गोपिका आणि दोन बायकांनी हात दिला आणि सगळ्यांनी मिळून वच्छलाबाईंना मागाच्या अंधाऱ्या खोलीत नेलं.

"पाणी! पाणी पाजा तिले!" दादाजी ओरडले.

"बेसुद माणसाच्या तोंडात पाणी टाकत नाहीत, मामंजी," गोपिका म्हणाली. "ठसका लागन."

हे ऐकल्यावर वच्छलाबाईंनी सोयीस्करपणे डोळे उघडले. आवाज मात्र खोल गेलेला होता.

"मी नाही पिणार," त्या पुटपुटल्या. "तुम्ही प्याल तवाच."

"अवं, मरशील!"

"मरू द्या. बोलली ते बोलली."

दारात गल्ली जमली होती. सगळ्यात पुढे चंद्रभान, हातात मिटलेली छत्री. दादाजींनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मग माठातून तांब्या भरला आणि सगळ्यांदेखत घटाघटा प्यायले. मिशीवरून पाणी ओघळलं. कोणी हसलं नाही.

"पेलं! आता पी तू."

वच्छलाबाईंनी घोटभर घेतलं. "अजून नाही जात मले," त्या म्हणाल्या. "पन्हं आणा. पण आधी तुम्ही चाखा, मीठ पडलं का नाही पाहा. गोपिकेच्या हातचं हाये."

दादाजींनी वाटीभर चाखलं. मीठ होतं. वच्छलाबाईंना खात्री वाटेना, म्हणून दुसरी वाटी चाखली.

"माहे पाय भाजून राहिले. खड्ड्यात रेतीवर सोडा. नाही, मी एकटी नाही सोडत, भेव वाटते. तुम्ही बी सोडा बाजूले."

दादाजींनी बाजूला बसून खड्ड्यातल्या ओल्या रेतीत पाय सोडले. गोपिकेनं दुपट्टा भिजवून आणला. वच्छलाबाई म्हणाल्या तो फार गार आहे, आधी तुमच्या डोक्यावर ठेवा, जरा ऊब लागली की मग मला द्या. दुपट्टा दादाजींच्या डोक्यावर गेला आणि तिथंच राहिला. गोपिका पंखा घालत होती, आणि वारा वच्छलाबाईंकडे कमी आणि सासऱ्यांकडे जास्त जात होता. पाऊण तासानं दादाजींच्या कपाळावर घामाचा पहिला थेंब आला. वच्छलाबाईंनी तो पाहिला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. ऊन लागल्यावर थंडी वाजते, असं दादाजींना वाटलं.

उन्हं कलल्यावर रुपराव न्हावी आला. दादाजी शब्दाचे पक्के. त्यांनी निंबाखाली पाट मांडला आणि निमूटपणे तोंड पुढे केलं. चंद्रभान दहा वेळा म्हणाला, राहू द्या दादाजी, मी काही पैज मानत नाही. दादाजींनी ऐकलं नाही. रुपरावनं वस्तरा फिरवला, फडक्यानं तोंड पुसलं आणि आरसा समोर धरला.

आरशात रामाजी होते.

दोघा भावांच्या तोंडावळ्यात फरक तो एवढाच, मिशीचा. तोच चौकोनी जबडा, तेच पुढे आलेले ओठ. दादाजी आरशाकडे पाहत राहिले. मग त्यांना आपलंच बोलणं आठवलं. थंडच वाटून राहिलं. घाम बी बंद झाला. रामाजी दारात काय म्हणाले होते ते वच्छलाबाईंनी त्यांना दोन वर्षांत पन्नास वेळा सांगितलं होतं, आणि पन्नास वेळा त्यांनी माग चालवून ते ऐकू येऊ दिलं नव्हतं. त्यांना पुन्हा थंड वाटलं. या वेळी मात्र ते उन्हामुळे नव्हतं.

त्यांनी नजर वळवली तर निंबाच्या बुडाशी खळीचं मडकं दिसलं. दुपारपासून तिथंच होतं. आणि ते आडवं पडलेलं नव्हतं. सरळ, दोन मुळ्यांच्या बेचक्यात नीट टेकवलेलं होतं. थेंबभरही खळ सांडलेली नव्हती. वर झाकणही व्यवस्थित घातलेलं होतं.

दादाजींनी त्या झाकणाकडे बराच वेळ पाहिलं. चक्कर येऊन पडणारी बाई मडकं टेकवत नाही, हे त्यांना हळूहळू उमगलं. झाकण तर नाहीच घालत. पण कोष्ट्याच्या घरात खळ कोरडी पडू द्यायची नसते. जीव मुठीत घेऊन नवऱ्याला वाचवायला निघालेली बाईसुद्धा ते विसरत नाही.

शेजारी ताणा लोंबत होता. निम्म्याहून जास्त धागे तुटले होते. तिचं दिवाळीचं लुगडं होतं ते. तिला ते ठाऊक होतं, पेटी तिनंच उघडली होती.

दादाजींना मिशीची फार गरज भासली. तोंड लपवायला आता काहीच उरलं नव्हतं. ते तसेच रडले, उघड्या ओठांनी, आणि रुपरावनं समजूतदारपणे वस्तरा धुवायला पाठ फिरवली.

घरात शिरले तेव्हा मात्र त्यांचे डोळे कोरडे होते आणि हातात चार भाजलेल्या कैऱ्या होत्या. वच्छलाबाई चांगल्या उठून बसल्या होत्या. नवऱ्याला पाहताच लगबगीनं आडव्या झाल्या.

"ऊन लागलं ना तुले?" दादाजींनी प्रेमानं विचारलं.

"हाव जी," त्या कण्हल्या. "बम लागलं. उठवत बी नाही."

"मंग हयगय कराची नाही." त्यांनी तिचे पाय मांडीवर घेतले आणि भाजलेल्या कैरीचा गर तळव्यांना थापायला सुरुवात केली. "आता तीन दिवस पाय खाली ठेवाचा नाही. चुलीपाशी नाही, विहिरीवर नाही, कोणाच्या ओट्यावर गप्पा माराले बी नाही. रोज सकाळ-संध्याकाळ हा गर. अन् उपाशी पोटी कडुनिंबाचा रस."

"कडुनिंब काहून? कडुनिंब उनाले नाही देत!"

"तुह्या उनाले देतात."

वच्छलाबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मिशी नसली की माणसाला काही लपवता येत नाही.

"पहाटे चार वाजता उठव मले," गर थापता थापता दादाजी म्हणाले. "नवा ताणा लावाचा हाये. गार हवेत. आठच्या आत झालं पाहिजे." मग दुसरा तळवा पुढे ओढून घेत म्हणाले, "अन् माठ इकडं सरकवून ठेवजो. मले बी तहान लागते."